फेसबुकवरचे जुने लेखन प्रतिक्रियांसह उतरवून घ्यायचे आहे

निवृत्त गुरुजी:

नमस्कार. मी सातारा जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात प्राथमिक शिक्षक होतो. २०११ च्या दिवाळीत मुलीने मला फेसबुकवर खाते उघडून दिले आणि तेव्हापासून मी तेथे आमच्या भागातील शेतीकामाच्या, अवजारांच्या आणि भांड्याकुंड्यांच्या शब्दांवर लिहीत आलो आहे. पहिली मालिका मोटेवर, म्हणजे विहिरीचे पाणी बैलांकडून ओढून काढण्याच्या साधनावर होती. नाडा, सोंदूर, कणा, थारोळे, धाव असा रोज एक शब्द घ्यायचा आणि ती वस्तू कशाची करत, तिचे काम काय, ती मोडली तर कोणाकडे न्यायची, एवढे दहा-पंधरा ओळींत सांगायचे, असा क्रम ठेवला होता. आज अशा अकराशेच्या आसपास नोंदी आहेत.

गेल्या वर्षी घरच्या संगणकाची हार्ड डिस्क बंद पडली आणि तिच्यातले सगळे मूळ मसुदे गेले. दुसरी प्रत मी ठेवली नव्हती, हा दोष माझाच. त्यामुळे आता हे लेखन फक्त त्या खात्यावर उरले आहे, आणि खात्याचा पासवर्ड विसरलो किंवा उद्या मीच राहिलो नाही तर त्याचे काय होईल, या विचाराने अस्वस्थ होतो.

माझे प्रश्न तीन आहेत. सगळे लेखन एकदम उतरवून घेण्याची सोय आहे का? उतरवल्यावर देवनागरी शाबूत राहते का? आणि तिसरा प्रश्न माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे: नोंदींखालच्या प्रतिक्रियाही मिळतात का? कडब्याच्या रचलेल्या ढिगाला आम्ही गंजी म्हणतो, असे मी एकदा लिहिले, तर खाली कोणी बुचाड सांगितले, कोणी सुडी सांगितले, आणि एका गृहस्थांनी या तिन्हींच्या रचण्यात काय फरक असतो ते माझ्या नोंदीपेक्षाही मोठे लिहून काढले. ते गृहस्थ आता हयात नाहीत. त्यांची माझी प्रत्यक्ष भेट कधी झाली नाही. त्यांचे लिहिलेले माझ्या नोंदीखालीच आहे, अन्यत्र कोठे असेल असे वाटत नाही.

अक्षरजुळणी:

गुरुजी, मी बरीच वर्षे पुस्तकांची अक्षरजुळणी करते आणि लेखकांच्या जुन्या नोंदी खात्यांवरून काढून देण्याचे काम अधूनमधून अंगावर येते, म्हणून जरा विस्ताराने लिहिते.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. आपली माहिती उतरवून घेण्याची सोय फेसबुकने २०१० च्या ऑक्टोबरमध्येच दिली, म्हणजे आपले खाते उघडण्यापूर्वीच ती होती. सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटरमध्ये जावे आणि तेथे आपली माहिती व परवानग्या या विभागात डाउनलोडचा पर्याय शोधावा. बटणांची नावे आणि जागा बदलत असतात, त्यामुळे एखादा शब्द वेगळा दिसला तर गोंधळून जाऊ नये. मागणी नोंदवल्यावर फाइल तयार होण्यास काही तासांपासून काही दिवसांपर्यंत वेळ लागतो आणि तयार झाल्याची सूचना येते. तो दुवा मोजके दिवसच चालतो, तेव्हा सूचना येताच फाइल उतरवून घ्यावी.

मागणी नोंदवताना चार ठिकाणी थांबून पाहावे लागते. कालावधीच्या चौकटीत आपोआप आलेला पर्याय तसाच न ठेवता सर्व काळ निवडावा, नाहीतर एखाद्याच वर्षाचे लेखन हाती येते आणि बाकीचे नाहीसे झाले असे वाटून माणूस घाबरतो. छायाचित्रांसाठी उच्च दर्जा निवडावा. काय काय हवे त्याच्या यादीत केवळ पोस्टवर खूण करून थांबू नये, कारण गटांमध्ये केलेले लेखन वेगळ्या विभागात मांडलेले असते आणि आपण एखाद्या बोलीविषयक किंवा शेतीच्या गटात लिहीत असाल तर तेवढा भाग सुटून जाईल. चौथी गोष्ट फाइलच्या प्रकाराची, आणि आपला दुसरा प्रश्न तेथेच आहे.

एचटीएमएल आणि जेसन असे दोन प्रकार मिळतात. आपण एचटीएमएल घ्यावा. तो ब्राउझरमध्ये नेहमीच्या पानासारखा उघडतो आणि देवनागरी नीट दिसते. जेसन प्रकार यंत्राने वाचण्यासाठी असतो आणि त्यात आपल्या लिपीची गंमत होते. संगणकात अक्षरे साठवण्याच्या यूटीएफ-८ या पद्धतीत देवनागरीतील प्रत्येक वर्ण तीन बाइटांचा असतो. जेसन फाइलमध्ये या तीन बाइटांना तीन वेगळे युरोपीय वर्ण समजून नोंदवले जाते. म्हणून एखाद्या प्रोग्रामने ती फाइल सरळ वाचली की ‘म’ या एका अक्षराच्या जागी आधी डोक्यावर उलटी तिरकी रेघ असलेला रोमन ‘ए’ येतो, मग चलनाचे एक चिन्ह, आणि मग आणखी एक तिसरेच चिन्ह. पुढची सगळी ओळ अशीच तिकडीतिकडीने चालते. व्यंजने, काना आणि पहिली वेलांटी यांच्या तिकडीत मधले चिन्ह चार काटे फुटलेल्या गोलासारखे असते, तर दुसरी वेलांटी, उकार, मात्रा आणि हलन्त यांच्या तिकडीत मध्ये जपानी येनची खूण येते. त्यामुळे जोडाक्षरांनी भरलेला संस्कृतप्रचुर परिच्छेद जपानच्या बँकेतून आल्यासारखा दिसतो. अक्षरे नष्ट झालेली नसतात, ती चुकीच्या चष्म्यातून पाहिली जात असतात. पायथॉन ही संगणकभाषा येणारा कोणीही घरात असेल तर तो मजकूर ‘लॅटिन-१’ या युरोपीय अक्षरांच्या पद्धतीतला म्हणून बाइटांत उलटवून ‘यूटीएफ-८’ म्हणून पुन्हा वाचणे हे दोन-तीन ओळींचे काम आहे. तारखाही जेसनमध्ये १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत असतात. १३२५३७६००० असा आकडा दिसला तर तो २०१२ सालच्या १ जानेवारीची भारतातील पहाटे साडेपाचची वेळ आहे, असे समजावे.

एचटीएमएलची फाइल उतरवल्यावर एक चूक जवळजवळ प्रत्येक जण करतो. ही फाइल झिप, म्हणजे आवळून बांधलेल्या गाठोड्यासारखी येते, आणि ती न सोडवता तिच्या आतूनच तो पान उघडतो आणि चित्रे दिसत नाहीत म्हणून तक्रार करतो. चित्रे वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि पान त्यांना त्या जागेवरून बोलावते. म्हणून झिप आधी पूर्ण सोडवावी, अनेक तुकड्यांत आली असेल तर सगळे तुकडे एकाच फोल्डरमध्ये सोडवावेत, आणि नंतर हलवायचे झाल्यास पूर्ण फोल्डर हलवावा.

आता तिसरा प्रश्न. येथे मात्र नाही असे म्हणावे लागते. आपण दुसऱ्यांच्या नोंदींखाली जे लिहिले ते मिळते, तेही मूळ नोंदीवाचून, म्हणजे ‘अगदी बरोबर, आमच्याकडेही हेच म्हणतात’ एवढेच, आणि हे म्हणजे काय ते कळण्यास मार्ग नाही. आपल्या नोंदींखाली इतरांनी जे लिहिले ते मात्र या फाइलमध्ये येत नाही. व्यवस्थेचा हिशेब असा आहे की ज्याने लिहिले त्याची ती माहिती. हिशेब गैर नाही, पण आपल्यासारख्या कामात निम्मा ऐवज बाहेर राहतो.

शिकागोकर:

वरील प्रतिसादाशी पूर्ण सहमत आहे, फक्त वेळेविषयी दोन शब्द जोडतो. मी विद्यार्थी असताना ऑर्कुट या गूगलच्या जुन्या समाजमाध्यमावर मराठी मंडळींच्या एका समूहात रात्ररात्र लिहीत असे. ऑर्कुट बंद होणार हे २०१४ च्या जूनअखेरीस जाहीर झाले, ३० सप्टेंबर २०१४ रोजी ते बंद झाले, आणि त्यानंतरही आपले लेखन व छायाचित्रे गूगल टेकआउटमधून काढून घेण्यास २०१६ च्या सप्टेंबरपर्यंत मुभा होती. म्हणजे सव्वादोन वर्षे माझ्या हातात होती. मी या सुट्टीत करू, पुढच्या सुट्टीत करू, असे म्हणत राहिलो आणि आज माझ्याकडे त्या काळातले एक स्क्रॅपही, म्हणजे तेथला एक निरोपही नाही. दोष देण्यास दुसरे कोणी नाही.

सेवा बंद पडत नाही, पण तिचा एखादा कोपरा बंद होतो, हेही ध्यानात ठेवावे. फेसबुकवर लांब लेखांसाठी नोट्स नावाची सोय होती आणि अनेक मराठी लेखक तीच वापरत. २०२० च्या ऑक्टोबरनंतर तेथे नवे लिहिणे आणि जुने दुरुस्त करणे थांबले. गुरुजी, आपण सुरुवातीच्या वर्षांत नोट्समध्ये काही लिहिले असेल तर उतरवलेल्या फाइलमध्ये ते आले आहे का, हे स्वतंत्रपणे तपासावे.

आपल्या मागे खात्याचे काय, हाही आपला प्रश्न आहे. २०१५ पासून फेसबुकवर वारस-संपर्क नेमता येतो. आपण तशी परवानगी देऊन ठेवली तर आपल्या पश्चात त्या व्यक्तीस आपण सर्वांसमोर मांडलेल्या नोंदी आणि छायाचित्रे उतरवून घेता येतात. खासगी संदेश तिला दिसत नाहीत. मुलीला नेमून टाकावे, पाच मिनिटांचे काम आहे. माझ्या वडिलांच्या बाबतीत ते राहून गेले.

निवृत्त गुरुजी:

दोघांचेही मनःपूर्वक आभार. नातवाला शेजारी बसवून सांगितल्याप्रमाणे मागणी नोंदवली, दुसऱ्या दिवशी फाइल आली, झिप सोडवली आणि पान उघडले. सगळी मालिका ओळीने दिसली. मोटेवरची पहिली नोंद वाचताना लक्षात आले की तेव्हा मला टंकन येत नव्हते आणि प्रत्येक ‘ण’ च्या जागी ‘न’ पडला आहे.

मुलीची नेमणूकही केली. आता एक नवीच अडचण आली आहे. फाइलमध्ये शब्द शोधताना ‘दोर’ शोधला की भरपूर नोंदी मिळतात, परंतु ‘दोऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ शोधले की २०१६ नंतरच्याच मिळतात. उफणणीवर मी २०१३ साली सलग आठ दिवस लिहिले होते आणि त्यात वाऱ्यावर हा शब्द पानोपानी आहे. डोळ्यांना तो दिसतो, शोधाला सापडत नाही. अक्षरजुळणीताई, हे काय असावे?

अक्षरजुळणी:

गुरुजी, आपण २०१६ च्या सुमारास संगणक किंवा टंकनाचा कळफलक बदलला असणार.

‘वाऱ्या’ मधला तो अर्धा, पापणीसारखा र दोन प्रकारे लिहिता येतो आणि पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात. एका प्रकारात नुक्त्याचा ऱ, मग हलन्त, मग य, असा क्रम असतो. दुसऱ्या प्रकारात साधा र, हलन्त, मग न दिसणारे एक जोडचिन्ह आणि मग य. संगणक आकृती पाहत नाही, तो क्रम पाहतो, म्हणून एका प्रकाराने शोधले की दुसऱ्या प्रकाराने लिहिलेले सापडत नाही. हिंदीत या र चे काम पडत नाही, त्यामुळे बाहेर तयार झालेल्या साधनांत याची फिकीर केलेली नसते. हे दुखणे आपले, म्हणजे मराठीचे आहे. ‘अ’ वरच्या चंद्राचेही तसेच. ॲ हे एकच अक्षर म्हणून युनिकोड या जगभरच्या लिप्यांच्या सामाईक अक्षरसंचात २००८ साली आले, त्याआधी अ आणि चंद्र वेगवेगळे लिहून ते जुळवत, आणि आजही काही कळफलक तसेच करतात.

उपाय सोपा आहे. जुन्या नोंदीतला ‘वाऱ्या’ हा शब्द तेथूनच उचलून शोधाच्या चौकटीत चिकटवावा, म्हणजे त्या प्रकारचे सगळे सापडतील. कायमची सोय हवी असेल तर कामाची वेगळी प्रत करून तिच्यात एक प्रकार दुसऱ्यात बदलून घ्यावा. मूळ उतरवलेल्या फोल्डरला मात्र हात लावू नये. ‘ण’ च्या जागचे ‘न’ सुद्धा त्यात तसेच राहू द्यावेत.

जुना ग्रंथपाल:

चर्चा उशिरा पाहिली. प्रतिक्रियांविषयी कोणी पुढे लिहिलेले दिसत नाही, आणि माझ्या मते या सगळ्यात घाई करण्यासारखी तीच एक गोष्ट आहे. गुरुजींचे स्वतःचे लेखन आता सुरक्षित झाले. प्रतिक्रिया मात्र ज्याच्या त्याच्या खात्याशी बांधलेली असते. त्याने किंवा त्याच्या घरच्यांनी खाते कायमचे काढून टाकले की त्याच्यासह प्रतिक्रियाही जाते, आणि गुरुजींना त्याची वार्ताही लागत नाही.

यासाठी हातानेच बसावे लागते. अकराशे नोंदींचे काम एकदम अंगावर घेऊ नये. ज्या नोंदींखाली ‘छान’, ‘सुंदर’, ‘नमस्कार सर’ एवढेच आहे त्या सोडून द्याव्यात. उरलेल्यांची संख्या दोनशेच्या वर जाईल असे मला वाटत नाही. नोंद संगणकावर उघडावी, मोबाइलवर नको. प्रतिक्रियांच्या वर जो क्रम निवडण्याचा पर्याय असतो तो सर्वांत समर्पक या स्थितीतून काढून सर्व प्रतिक्रिया या स्थितीत आणावा, नाहीतर काही प्रतिक्रिया दडून राहतात. त्यानंतर आणखी पाहा आणि उत्तरे पाहा अशा सगळ्या ओळी उघडाव्यात, लांब प्रतिक्रियांचा दुमडलेला भागही उलगडावा. मग ब्राउझरला जोडता येणाऱ्या सिंगलफाइल या छोट्या साधनाने (एक्स्टेन्शनने) ते संपूर्ण पान एका फाइलमध्ये साठवावे. त्यात चित्रेही आतच राहतात, वेगळा फोल्डर सांभाळावा लागत नाही.

एवढ्यावर समाधान मानू नये. मजकूर निवडून, नाव आणि तारखेसह, साध्या मजकूर-फाइलमध्येही चिकटवावा. अनेक जण केवळ पीडीएफ करून ठेवतात. पीडीएफ डोळ्यांना उत्तम, परंतु तिच्यातून देवनागरी परत काढताना पहिल्या वेलांट्या भलत्या अक्षराला जाऊन चिकटतात आणि जोडाक्षरे फुटतात, हे अक्षरजुळणीच्या धंद्यातील कोणीही सांगेल. नोटपॅड वापरणार असाल आणि विंडोज जुने असेल तर साठवताना एन्कोडिंगच्या चौकटीत यूटीएफ-८ निवडावे. २०१९ पासूनच्या विंडोज १० मध्ये ते आपोआप निवडलेले असते, त्याआधी नसे, आणि चुकून तसेच साठवले तर सगळ्या मजकुराची प्रश्नचिन्हे होतात. ती परत फिरत नाहीत. वर सांगितलेल्या येनच्या गमतीत अक्षरे शाबूत राहतात, येथे खरोखर जातात.

इंटरनेट आर्काइव्ह ही संस्था १९९६ पासून जगभरची पाने साठवते, तिच्या वेबॅक मशीनचे नाव आपण ऐकले असेल. तिच्यावर येथे विसंबू नये, कारण लॉगिनच्या आड असलेल्या पानांपर्यंत ती पोहोचत नाही. पुढे कधी आपण निवडक नोंदी स्वतःच्या ब्लॉगवर मांडल्यात, तर त्या पानांचे पत्ते तेथे देऊन प्रत साठवून घेता येईल.

हक्काचे थोडे. आपल्याजवळ जपण्यासाठी प्रती करणे निराळे आणि छापणे निराळे. आपण लिहिलेल्याचे मालक आपणच आहात, फेसबुकच्या अटींतही तसेच आहे, आपण त्यांना केवळ वापरण्याचा परवाना दिलेला असतो. त्याच न्यायाने प्रतिक्रियेचा मालक ती लिहिणारा. भारतात लेखकाचा हक्क त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षे चालतो. गंजी, बुचाड आणि सुडी यांतील फरक सांगणाऱ्या त्या गृहस्थांचा मजकूर पुस्तकात घ्यायचा झाल्यास त्यांच्या वारसांना विचारावे लागेल. बुचाड हा शब्द कोणाच्या मालकीचा नाही, तो खुशाल घ्यावा, त्यांची वाक्ये घेताना परवानगी घ्यावी आणि नावानिशी घ्यावीत.

सगळे जमले की तीन प्रती कराव्यात: एक संगणकावर, एक बाहेरच्या डिस्कवर, एक मुलीच्या घरी. पेनड्राइव्ह ही प्रत नव्हे, ते वाहन आहे. शिवाय साध्या कागदावर छापून गावातल्या झेरॉक्सवाल्याकडून बांधून घ्यावे. माझ्या ग्रंथालयात इतक्या वर्षांत वाळवीने जेवढे खाल्ले त्याहून जास्त फ्लॉपी आणि सीड्यांनी गिळले.

निवृत्त गुरुजी:

ग्रंथपाल महोदय, आपण सांगितल्याप्रमाणे निवड केली तर १६४ नोंदी निघाल्या. रोज दुपारी दोन-तीन करतो. कडब्याच्या ढिगाची नोंद सर्वांत आधी घेतली. त्या गृहस्थांच्या चिरंजीवांना निरोप पाठवला होता, त्यांनी नावासह छापण्यास आनंदाने संमती दिली. वडील फेसबुकवर इतके लिहीत असत, हे त्यांना ठाऊक नव्हते, म्हणून ते पान त्यांनाही पाठवून दिले.

मोटेच्या पहिल्या नोंदीखालच्या ६३ प्रतिक्रिया उतरवण्यास दोन दुपारी लागल्या. त्यात २०१२ सालची माझीच एक प्रतिक्रिया निघाली. कोणाच्या तरी प्रश्नाला उत्तर देताना मी नाडा आणि सोंदूर यांची अदलाबदल केली होती, मोटेच्या सोंडेला, म्हणजे पाणी पडते त्या निमुळत्या तोंडाला, बांधतात तो नाडा असे ठोकून दिले होते. बार्शीकडच्या एका बाईंनी खाली नम्रपणे विचारले होते की गुरुजी, सोंडेचा दोर म्हणूनच तो सोंदूर ना? मी त्यांना उत्तर दिलेले दिसत नाही. ते सगळे तसेच ठेवले आहे, आणि खाली आजच्या तारखेने बाईंचे बरोबर असल्याची टीप जोडली आहे.